दोन बोटं वर

"आलं का?" आप्पांनी बागेतून आरोळी ठोकली.

"आलं!" आतून इर्माबाई ओरडल्या. कझाकस्तान सोडून जर्मनीत बाड हॉम्बुर्गला स्थायिक झालेल्या या म्हातारीला मराठीतले दोनच शब्द येत होते. आलं आणि गेलं.

दारात उभ्या असलेल्या स्वरूपाला दोघंही दिसत होती. आत टीव्हीसमोर शेजारीणबाई, बाहेर हिरवळीवर सहा फुटी डिशला खांदा लावलेले सासरे. आप्पांनी कराडात पंधरा वर्षं केबल चालवली. ते गच्चीवर डिश फिरवत आणि खालून सासूबाई ओरडत, आलं, गेलं. सासूबाई गेल्या आणि आप्पांचं बोलणंच संपलं. इथे आल्यावरही त्यांनी महिनाभर खिडकीशी बसून काढला. मग इर्माबाईंच्या टीव्हीवरचं चित्र सारखं जायला लागलं, दुरुस्तीवाल्यानं हात टेकले, आणि आप्पा पान्हा घेऊन खाली उतरले.

"डिश ठणठणीत आहे गं, उपग्रहच म्हातारा झालाय," त्यांनी स्वरूपाला सांगितलं होतं. "रशियन गडी. उत्तर-दक्षिण सावरायचं इंधन संपलं, की एका जागी ठरत नाही. रोज आकाशात आठचा आकडा काढत बसतो. आपण दोन बोटं वर, दोन बोटं खाली करत त्याच्या मागे जायचं. चिडायचं नाही."

तो उपग्रह आज दुपारी चारला कायमचा बंद होणार होता. नव्या उपग्रहासाठी आणलेली छोटी डिश आठवडाभर खोक्यातच पडून होती. इर्माबाई कुणाला तिला हात लावू देत नव्हत्या. स्वरूपा मात्र सकाळपासून सारखी दारात येऊन आप्पांकडे बघत होती. आप्पा पुन्हा खिडकीशी जाऊन बसले तर?

चार वाजले. पडद्यावर गाणारी बाई मधेच थांबली आणि सगळं काळं झालं.

"गेलं," इर्माबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

बाहेर आप्पांनी डिश दोन बोटं वर सरकवली. "आलं का?"

स्वरूपा बोलणार, तोच इर्माबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. काळ्या पडद्याकडे बघत त्या जोरात ओरडल्या, "आलं!"

आप्पांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पान्ह्यानं सावकाश नट आवळला.

"बरं," ते म्हणाले. "त्यांना सांग स्वरूपा, उद्या सकाळी दोन बोटं खाली घ्यायला येतो."