पंख दिवाणखान्यात

अकरा वर्षं खपून प्रेबेननं गॅरेजमध्ये विमान उभं केलं होतं. पंख मात्र अजून दिवाणखान्यातच पडून होते. रविवारी तो एकेक यंत्र तपासायला बसला. विमान कोसळलं तर आपोआप मदत मागणाऱ्या यंत्राचं बटण त्यानं दाबलं, पण दिवा लागेना. "हेही बिघडलं!" म्हणत, ते तसंच सोडून तो हेरिंग मासा नि पाव खायला गेला. बिघडला होता तो फक्त दिवा.

अर्ध्या तासात बचावपथकाचं हेलिकॉप्टर घरावर घिरट्या घालू लागलं. खाली उतरलेल्या जवानानं धापा टाकत विचारलं, "विमान कुठं पडलंय?"

"पडायला आधी उडावं लागतं, बाबा," प्रेबेनची बायको बिर्थे म्हणाली. "गॅरेजमध्ये आहे."

प्रेबेन कान खाजवत वर बघत राहिला.

"काही म्हण बिर्थे, अकरा वर्षांनी का होईना, माझ्या विमानापायी काहीतरी उडालं की नाही!"