उद्घाटनाची फीत

बेटावरच्या दवाखान्यात नवं यंत्र आलं. खोकल्याच्या साथीत आलेल्या लेकराच्या रक्तातले बारीक आरएनए मोजून, कुणाचं दुखणं जिवावर बेतणार हे ते पहिल्याच दिवशी सांगू शकत होतं. म्हणजे त्या लेकराला वेळीच बोटीने सेबू शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवता आलं असतं. पण यंत्राला लाल फीत गुंडाळलेली, वर मेयरसाहेबांचा हसरा फोटो, आणि साहेबांना उद्घाटनाला सवड होत नव्हती.

"फादर पाणी शिंपडणार, मेयर कात्री चालवणार, तोवर पोरांनी काय श्वास रोखून बसायचं?" नर्स पर्लिता डॉक्टरांवर कडाडली.

"हात लावू नकोस बाई, माझी नोकरी जाईल," डॉक्टर म्हणाले.

त्याच दिवशी एका मासेमाराच्या चार वर्षांच्या रोवेनाला साधा ताप म्हणून घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तिला पुरलं.

आठवड्याने मेयरसाहेब खोकणाऱ्या नातवाला घेऊन आले. डॉक्टर कात्री घेऊन धावले, तर साहेब ओरडले, "कापू नका हो! रविवारी टीव्हीवाले यायचेत." त्यांच्या माणसाने एका बोटाने फीत बाजूला सरकवली. तपासणी झाली, नातवाला साधी सर्दी निघाली आणि फीत पुन्हा जागेवर बसली.

पर्लिताने डॉक्टरांच्या हातातली कात्री हिसकावली आणि फीत कचकन कापली.



"ही आता रोवेनाच्या थडग्याला बांधते, साहेब. रविवारी टीव्हीवाल्यांना घेऊन तिथेच या कापायला."