पोत्यावरचा शिक्का

सकाळी सव्वादहाला खानावळीतल्या नव्याकोऱ्या सिरॅमिक भट्टीला उभी चीर गेली. संध्याकाळी साठ माणसांचं जेवण द्यायचं होतं.

बाराला भट्टीच्या कंपनीचा तपासनीस आला. त्याने राख चिमटीत चोळून पाहिली.

"ही ब्रिकेटची राख आहे. भुकटी दाबून केलेला कोळसा. आमची अट साध्या लाकडी कोळशाची आहे, त्यामुळे भट्टी बदलून मिळणार नाही."

मालकीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "कोळशाचं तुमच्याकडे होतं. स्वस्तातला उचललात ना?"

"अगं, मी कुठला आणतोय! भट्टीबरोबर आलेलं पोतंच अजून चाललंय."

"चोराच्या उलट्या बोंबा नकोत. आणा ते पोतं इकडे."

नवऱ्याने पोतं ओढत आणलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'ब्रिकेट' लिहिलं होतं आणि खाली कंपनीचाच शिक्का होता.

"आता बोला, साहेब," मालकीणबाई म्हणाल्या.

तपासनीस खाकरला. "तपासणीसाठी हे न्यावं लागेल. तासाभरात कळवतो." आणि पोतं स्वतःच उचलून त्याने गाडीत टाकलं.

***

संध्याकाळचे सहा वाजलेत. पोतं नेल्याची पोच त्याने दिलेली नाही, आणि त्याचा फोन बंद आहे.