मोहोर न फोडलेलं पत्र

माझा नवरा योरिस लायडनचा मोठा विद्वान, आणि त्याचा जिवलग मित्र डान्झिगचा डॉक्टर एल्सनर. वीस वर्षं नुसती पत्रं. तोंड कुणी कुणाचं पाहिलेलं नाही. मला अक्षरं लावून लावून वाचावं लागतं, पण माणूस मी एका नजरेत वाचते. खोकून बेजार झालेल्या योरिसला हा मित्र ऐन थंडीत तिकडे बोलावत होता.

आजचं पत्र मी मोहोर न फोडता एप्रनच्या खिशात कोंबलं.

"डॉक्टरांचं काही आलं का गं?" योरिसनं खोलीतून विचारलं.

"नाही. मेला असेल मेला."

आलेलं पत्र मोठ्यानं वाचायची त्याची रीत. जरा वेळानं तो आत तसाच वाचू लागला.

"प्रिय मित्रा, तुझी बायको दाराबाहेर उभी आहे. माझं पत्र तिच्या खिशात आहे. तिला आत घे आणि दार लाव."

मी खिसा चाचपला. मोहोर शाबूत होती.

"आत ये," योरिस म्हणाला.