तेजलची ठरलेली वेळ

"तुमचं रक्त स्वच्छ आहे," परीक्षक म्हणाले, "पण यंत्राच्या हिशेबाने तुमच्या शरीराला हा घाट सायकलवर एकोणचाळीस मिनिटांच्या आत चढणं शक्यच नाही. तुम्ही छत्तीस घेतलीत. पदक परत करा."

तेजल खराडेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंत्राला माझं शरीर कुठे भेटलं?"

"तुमच्या मागच्या सहा वर्षांच्या शर्यतींत."

ती सहा वर्षं तेजलने संघाच्या कर्णधारासाठी पुढे राहून वारा अडवला होता, मागच्या गाडीतून पाणी आणलं होतं. स्वतः जिंकण्यासाठी ती कालच पहिल्यांदा सायकलवर बसली होती.

तिने खांद्यावरच्या पिशवीतल्या पाण्याच्या सहा भरलेल्या बाटल्या टेबलावर आदळल्या.

"हे ओझं पाठीवर घेऊन मी हरत होते, तेव्हा नाही आला कुणाला संशय!"