आज दाब कमी आहे

पुठ्ठा निसटला आणि ग्लासभर पाणी सरांच्या बाहीत शिरलं. अख्खा वर्ग बघत होता.

प्रयोग तसा साधा, पोरांच्या बाकांवरही ग्लास-पुठ्ठे मांडलेले. ग्लास काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करून खालचा हात काढायचा. हवा खालून पुठ्ठा दाबून धरते, पाणी सांडत नाही. अख्खी हयात सरांनी हे डोळे मिटून केलं होतं. पण हिवाळ्यापासून उजवा हात कापायला लागला होता. कुणी विचारलं की "थंडी आहे" म्हणायचे. आता भर उन्हाळ्यात कुठली आलीये थंडी?

आणि नेमक्या आजच मोठ्या बाई दारात उभ्या. "हाताचं काही असेल तर स्पष्ट सांगा, सर," त्या मागेच म्हणाल्या होत्या. "वर्ग दुसऱ्या कुणाला देते, तुम्ही ऑफिसात बसा." पोरांशिवाय दिवस कसा ढकलायचा, हेच सरांना ठाऊक नव्हतं. फार थकले होते ते. कापणाऱ्या हातापेक्षा तो लपवूनच जास्त थकले होते.

"काय झालं, सर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सर काही बोलणार, तोच मागच्या बाकावर पाणी सांडलं. मग शेजारच्या. मग पुढच्या. बघता बघता सगळ्यांचे ग्लास रिकामे आणि वर्गात तळं. अख्खी शाळा जिला भोंगा म्हणायची, ती पोरगी उठली.

"बाई, आमचंही सांडतंय! आज हवेचा दाबच कमी आहे."

मोठ्या बाईंचा विषय इतिहास. "असेल बुवा," म्हणून त्या वळल्या.

सुटलो, सरांना वाटलं. लबाड कार्टी! एवढ्यात पहिल्या बाकावरचा एक भाबडा जीव भोंग्याचं वाक्य वहीत उतरवून घेताना त्यांना दिसला.

"खोड ते," सर म्हणाले. "बाई, थांबा. दाब रोजच्यासारखाच आहे. हात माझा कापतोय."

मोठ्या बाई थांबल्या. ओल्या फरशीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. मग पाण्यातून वाट काढत आल्या आणि रिकाम्या बाकावर टेकल्या.

"हात पोरांचे आहेत की," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त सांगत राहा."

सरांनी ग्लास भोंग्यापुढे सरकवला. तिने तो भरला, पुठ्ठा ठेवला, उलटा केला आणि हात काढला.

थेंबसुद्धा सांडला नाही.