टॉवरचा लाल दिवा

कासू गावामागच्या डोंगरावर रेडिओचा टॉवर. पेणपासून रोह्यापर्यंत घराघरात गाणी वाजतात ती त्याच्या जिवावर, आणि संध्याकाळी टोकावरचा लाल दिवा पेटला की खाडीतले होडीवालेसुद्धा त्याच्याकडे बघून घरची वाट धरतात. त्या दिव्याचं बटण नितेशच्या हातात. तो तिथला रातपाळीचा वॉचमन.

"दिवा लागला की समजायचं, मी वर हाय. सकाळपर्यंत काय उतरत नाय," असं त्याने बायकोला, समीक्षाला, लग्न झाल्या झाल्या सांगून ठेवलं होतं. दिवा लागला की ती रोज अंगणात येऊन हात जोडते, हे शेजाऱ्यांकडून कळल्यापासून तर त्याची छाती फुगली होती. "बायको असावी तर अशी," असं तो पाळीवरच्या जोडीदाराला येता-जाता ऐकवायचा.

शेवटी एक दिवस जोडीदारच म्हणाला, "जा तू घरी, दिवा मी लावतो." नितेशने गडबच्या नाक्यावर गरम जिलेबी घेतली आणि गुपचूप येऊन अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीआड उभा राहिला.

डोंगरावर दिवा लागला. समीक्षाने हात जोडले, डोळे मिटले, आणि मग घरातल्या लेकीला हाक मारली, "ये गो बाहेर. दिवा लागला. आता सकाळपर्यंत आपल्याला कुणी मारणार नाय."



नितेशने जिलेबीचा पुडा तुळशीच्या कट्ट्यावर नीट ठेवला आणि कमरेचा पट्टा सोडला.